स्वतः उभारलेल्या ४जी नेटवर्कवर डेटा चालत नसेल तर बिघाड कुठे शोधायचा

ओपन५जीएस या सॉफ्टवेअरचा कोअर (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग), एसआरएसरॅन या सॉफ्टवेअरचा ई-नोडबी (४जीचं बेस स्टेशन), यूएसआरपी बी२१० किंवा तत्सम एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) बोर्ड आणि प्रोग्रॅम करता येणारी सिमकार्डं एवढ्या सामानात कॉलेजच्या लॅबमध्ये एक छोटं ४जी नेटवर्क उभं राहतं. उभं राहिल्यावर सगळ्यात जास्त वेळ खाते ती एकच तक्रार: फोन नेटवर्क पकडतो, पण नेट चालत नाही. वेळ जातो कारण 'नेट चालत नाही' हा एकच बिघाड नसतो. फोनमधल्या एका स्विचपासून ब्रॉडबँडवाल्याच्या राउटरपर्यंत कुठेही काहीही चुकलं तरी फोनवर दिसणारं लक्षण तेच. म्हणून अंदाजाने सेटिंग बदलत बसू नये. पॅकेट शेवटचं कुठे दिसलं ते आधी शोधावं. ते कळलं की उरलेलं काम बहुतेक वेळा पाच मिनिटांचं असतं.

पुढचं सगळं या जोडणीला धरून आहे: उबुंटूवर ओपन५जीएस, त्याच किंवा शेजारच्या मशीनवर एसआरएसईएनबी (एसआरएसरॅनचा ई-नोडबी प्रोग्रॅम), एफडीडी एलटीई, म्हणजे जाण्या-येण्याला वेगळ्या फ्रीक्वेन्सी असलेलं ४जी. आज्ञा आणि फाइलींची नावं वाचायच्या पद्धतीने देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या लॅटिन अक्षरांत टाइप करायची.

आधी हवेचा प्रश्न

मोबाइलचे बँड परवानाधीन आहेत. परवान्याशिवाय अँटेना लावून प्रक्षेपण करणं बेकायदा आहे, मग पॉवर कितीही कमी असो. प्रयोगासाठीचा परवाना दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून मागता येतो. तोवर सगळं काम केबलवर किंवा शिल्डेड पेटीत करायचं. मुंबईत तर हे जास्तच पाळायला हवं, कारण इमारती खेटून आहेत आणि तुमच्या लॅबच्या भिंतीपलीकडे कुणाचा तरी फोन त्याच बँडवर चालू असतो. एसआरएसरॅनच्या नमुना फाइलीत बँड ७ चा ईएआरएफसीएन (चॅनेलचा क्रमांक) ३३५०, म्हणजे २६८० मेगाहर्ट्झ, दिलेला असतो. आपल्याकडे हा पट्टा रिकामा नाही, बँड ४१ त्याच्यावर येतो.

केबलवर काम करायचं तर फोनपेक्षा अँटेनाची सॉकेटं असलेला एलटीई मोड्युल किंवा डोंगल बरा. फोन किंवा मोड्युल कमाल २३ डीबीएम पॉवर सोडतो, आणि बी२१० च्या इनपुटला उणे १५ डीबीएमच्या वर जाऊ द्यायचं नसतं. म्हणजे मध्ये किमान ३८ डीबी क्षीणन हवंच; प्रत्यक्षात ६० डीबी किंवा जास्त ठेवा. ३० डीबीचे दोन अटेन्युएटर मालेत लावले की झालं. एसएमए केबल आणि कन्व्हर्टर लॅमिंग्टन रोडला मिळतात. तिथे एसएमए आणि आरपी-एसएमए या दोन जातींमध्ये गल्लत होते, तेव्हा घेताना मधली पिन डोळ्यांनी बघून घ्या. आरपी-एसएमए आटे जुळून घट्ट बसतो, पण आतल्या पिना एकमेकींना टेकतच नाहीत.

दादर गाठा

पश्चिम रेल्वेवर गाडी कुठे अडली ते शोधताना ती दादरला पोचली का एवढं विचारलं की बोरिवलीची बाजू तपासायची की चर्चगेटची, हे लगेच ठरतं. आपल्या नेटवर्कचं दादर म्हणजे ओजीएसटन. ओपन५जीएसचा यूपीएफ (डेटा वाहणारा भाग) या टन इंटरफेसवर, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या नेटवर्क कार्डावर, फोनची पॅकेटं जीटीपीच्या (ई-नोडबी आणि कोअरमधल्या बोगद्याच्या) वेष्टनातून काढून ठेवतो. त्याच्या बोरिवलीच्या बाजूला रेडिओ, सिम, बेअरर (फोनची डेटावाहिनी). चर्चगेटच्या बाजूला साधं लिनक्स राउटिंग आणि इंटरनेट.

टर्मिनलवर टीसीपीडम्प (पॅकेटं दाखवणारी आज्ञा) ओजीएसटनवर लावा, नावांचं रूपांतर बंद ठेवून. फोनवर टर्मक्ससारखं ॲप घ्या, वायफाय बंद करा आणि ८.८.८.८ ला पिंग सोडा. ब्राउझरने तपासू नका. ब्राउझरमध्ये डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी), सर्टिफिकेट, कॅशे असे चार प्रश्न एकदम मिसळतात.

ओजीएसटनवर १०.४५.०.२ सारख्या पत्त्यावरून निघालेली पिंगची विनंती दिसली, तर फोन, सिम, रेडिओ, एमएमई (कोअरमधला सिग्नलिंग सांभाळणारा भाग) आणि निदान अपलिंकचा (फोनकडून बाहेर जाणारा) बोगदा शाबूत आहे. तिकडे हात लावू नका. काहीच दिसलं नाही, तर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांत) डोकं घालण्यात अर्थ नाही, कारण पॅकेट तिथवर आलंच नाही. आणि विनंती व उत्तर दोन्ही ओजीएसटनवर दिसतात पण फोनला उत्तर मिळत नाही, अशी तिसरी अवस्था असेल तर डाउनलिंकचा बोगदा चुकीच्या जागी उघडतोय. ही तिसरी अवस्था लोकांच्या ध्यानात येत नाही, तिच्यासाठी खाली वेगळं लिहिलं आहे.

पॅकेट ओजीएसटनवर आलं, पुढे गेलं नाही

आता दुसरा टीसीपीडम्प बाहेर जाणाऱ्या इंटरफेसवर लावा आणि फक्त आयसीएमपी, म्हणजे पिंगची पॅकेटं, बघा.

तिथे काहीच दिसत नसेल तर कर्नल पॅकेट पुढे ढकलत नाही. नेट डॉट आयपीव्ही४ डॉट आयपी_फॉरवर्ड ची किंमत १ आहे का बघा. ती १ असूनही जात नसेल तर आयपीटेबल्सची फॉरवर्ड साखळी (पुढे जाणाऱ्या पॅकेटांचे नियम) अडवत असते, आणि त्याची नेहमीची कारणं दोन. एक, यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू आहे. त्याचं फॉरवर्डिंगचं मूळ धोरण ड्रॉप (पॅकेट टाकून द्या) असतं आणि ते एटीसी-डिफॉल्ट-यूएफडब्ल्यू या फाइलीत बदलावं लागतं. दोन, त्याच मशीनवर कुणीतरी डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेला आहे. डॉकर स्वतः फॉरवर्डिंग चालू करतो तेव्हा फॉरवर्ड साखळीचं धोरण ड्रॉप करून ठेवतो. काल चालणारं नेटवर्क आज बंद, आणि मधल्या काळात कुणी एखादा डॅशबोर्ड कंटेनरमध्ये बसवला, तर आधी इथे बघा. परवानगीचा नियम डॉकर-यूझर साखळीत दोन्ही दिशांना घालायचा: ओजीएसटनकडून येणारं आणि ओजीएसटनकडे जाणारं. खात्री करायची तर आयपीटेबल्सची यादी आकड्यांसकट काढा आणि पिंग चालू असताना ड्रॉपसमोरचा आकडा वाढतोय का ते बघा. तो वाढत असेल तर आणखी पुरावा नको.

बाहेरच्या इंटरफेसवर पॅकेट दिसतंय, पण स्रोत अजून १०.४५.०.२ च आहे? मग नॅट (पत्ता बदलून देणं) लागलेलं नाही. तुमचा राउटर या पत्त्याला उत्तर परत कुठे पाठवायचं हे जाणत नाही. नॅट टेबलच्या पोस्टराउटिंग साखळीत नियम हवा: स्रोत १०.४५.०.०/१६, बाहेर पडणारा इंटरफेस ओजीएसटन नसेल, तर मास्करेड, म्हणजे स्रोताच्या जागी सर्व्हरचा पत्ता. यातला 'नसेल' दाखवणारा उद्गारचिन्हाचा भाग बरेच जण गाळतात, तो ठेवा. आणि एसएमएफमध्ये (फोनला पत्ता देणाऱ्या भागात) तुम्ही पत्त्यांचा पट्टा बदलला असेल तर यूपीएफची फाइल, ओजीएसटनचा पत्ता आणि हा नियम या तिन्ही ठिकाणी तोच पट्टा आहे का ते पडताळा.

स्रोत बदलून पॅकेट बाहेर जातंय, उत्तर येत नाही, तर प्रश्न तुमच्या नेटवर्कच्या बाहेर आहे. कॉलेजांमध्ये याचं कारण फार साधं असतं: सर्व्हर ज्या लॅनवर आहे तिला लॉगिन पान आहे आणि सर्व्हरचं सत्र संपलेलं आहे. सर्व्हरवरूनच कर्लने एखादं पान मागवून बघा. लॉगिनचं पान परत आलं की समजलं.

पिंग चालतो, पण नावं उघडत नाहीत

८.८.८.८ ला पिंग जातो, पण नावाने काही सापडत नाही, तर डीएनएस. फोनला कुठला डीएनएस द्यायचा हे एसएमएफच्या यॅमल फाइलीत असतं, आणि मूळ फाइलीत ८.८.८.८ व ८.८.४.४ लिहिलेले असतात. संस्थेच्या फायरवॉलने बाहेरचा पोर्ट ५३ अडवला असेल तर हे दोन्ही निरुपयोगी. संस्थेचा स्वतःचा डीएनएस तिथे घाला, एसएमएफ पुन्हा चालू करा आणि फोन एकदा विमान मोडमध्ये टाकून काढा. डीएनएसचे पत्ते फोनला सत्र उघडताना एकदाच मिळतात. सत्र नव्याने उघडल्याशिवाय जुनेच राहतात, आणि आपण बदल करून 'फरक पडत नाही' म्हणत बसतो. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएसला एखादं ठरावीक नाव दिलेलं असेल तर तेही बंद करून बघा. ते पोर्ट ८५३ वापरतं.

नाव सापडतं पण पान उघडायला दहा-वीस सेकंद लागतात, मग एकदम धावतं, तर आयपीव्ही६ बघा. ओपन५जीएसच्या मूळ फाइलीतला आयपीव्ही६ पट्टा २००१:डीबी८ ने सुरू होतो. तो केवळ दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखलेला आहे, खऱ्या इंटरनेटवर तो कुठेच जात नाही. फोनला असा पत्ता मिळाला की तो आधी त्यावरून प्रयत्न करतो, थकतो आणि मग आयपीव्ही४ कडे वळतो. वेबयूआयमध्ये (ओपन५जीएसच्या ग्राहक-नोंदींच्या वेबपानावर) ग्राहकाच्या सत्राचा प्रकार आयपीव्ही४ एवढाच ठेवा. फोनने दोन्ही मागितले तरी त्याला 'फक्त आयपीव्ही४' असं कारण क्रमांक ५० सह उत्तर जातं. तो बिघाड नव्हे.

गूगल उघडतं, बाकीची पानं अडकतात

हा एमटीयूचा प्रश्न, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

ई-नोडबी आणि कोअरमध्ये प्रत्येक पॅकेटवर तीन वेष्टनं चढतात: आयपी २० बाइट, यूडीपी ८, जीटीपी ८. एकूण ३६. फोनने १५०० बाइटचं पॅकेट सोडलं तर तारेवर ते १५३६ होतं आणि इथरनेटच्या १५०० मध्ये मावत नाही. त्याचे तुकडे होतात. एकाच स्विचवर सगळं असेल तर तुकडे निभावून जातात. पण ई-नोडबी एका इमारतीत, कोअर दुसरीकडे आणि मध्ये वायरगार्डचा (व्हीपीएन) बोगदा असेल, ज्याचा एमटीयू मुळात १४२० असतो, तर तुकडे वाटेत गळू लागतात. मुंबईत बरीच ब्रॉडबँड कनेक्शनं पीपीपीओईवर चालतात, तिथे १५०० ऐवजी १४९२ च मिळतात, म्हणजे बोगद्याला आणखी कमी.

ओपन५जीएस फोनला सत्र उघडताना १४०० एमटीयू सांगतो, पण सगळे फोन आणि डोंगल ते ऐकत नाहीत. लक्षण ठरलेलं: छोटी पॅकेटं जातात, मोठी अडकतात. गूगल आणि यूट्यूब चालतात, कारण ते क्विक (यूडीपीवर चालणारा प्रोटोकॉल) वापरतात आणि क्विक आपली पॅकेटं मुळातच लहान ठेवतो. बँकेचं किंवा सरकारी पान मात्र टीसीपीवरून येतं, जोडणी होते, आणि पहिलं भरलेलं पॅकेट आलं की सगळं थिजतं.

तपासणी: फोनवरून तुकडे न करण्याच्या अटीवर १३७२ बाइटचा पिंग सोडा. २८ बाइटचं डोकं धरून तो १४०० होतो. तो गेला आणि १४७२ चा गेला नाही, तर निदान पक्कं. उपाय मँगल टेबलच्या फॉरवर्ड साखळीत: टीसीपीच्या सिन (जोडणी सुरू करणाऱ्या) पॅकेटांवर एमएसएस (एका पॅकेटातला कमाल डेटा) १३६० बसवा, ओजीएसटनमधून येणाऱ्या आणि ओजीएसटनकडे जाणाऱ्या दोन्हींसाठी. इथे लोक 'पाथ एमटीयूप्रमाणे आवळा' हा तयार पर्याय वापरतात आणि तो फसतो. ओजीएसटनचा स्वतःचा एमटीयू १५०० असेल तर कर्नलच्या दृष्टीने वाट १५०० चीच असते, म्हणून काही आवळलं जात नाही. आकडा स्वतः लिहा.

ओजीएसटनवर काहीच येत नाही

आता बोरिवलीची बाजू. पहिला प्रश्न: फोनला आयपी पत्ता मिळाला का? अँड्रॉइडमध्ये 'फोनविषयी' या पानावर दिसतो. एलटीईत अटॅच होतानाच (फोनची नेटवर्कवर नोंद होतानाच) मूळ बेअरर उघडतो आणि पत्ता मिळतो, त्यामुळे पत्ता असणं ही मोठी बातमी आहे.

पत्ता आहे, पॅकेट नाही, तर आधी फोनची डेटा रोमिंगची खूण बघा. हसू येईल इतकं साधं आहे, पण फार वेळा हेच निघतं. विकत घेतलेल्या प्रोग्रॅमेबल सिमचा आयएमएसआय (सिमवरचा ग्राहक क्रमांक) ९०१-७० ने सुरू होणारा आणि तुमचं नेटवर्क चाचणीचं ००१-०१, तर फोनच्या दृष्टीने तो परक्या नेटवर्कवर आहे. रोमिंग डेटा बंद असेल तर तो अटॅच होईल, पत्ताही घेईल आणि एक पॅकेटही सोडणार नाही. रोमिंग चालू करा, किंवा पायसिमने (सिम लिहिण्याच्या साधनाने) आयएमएसआय आपल्या नेटवर्कच्या क्रमांकाने लिहून घ्या.

मग एपीएन (डेटा कुठल्या जोडणीवरून जायचा तिचं नाव). वेबयूआयमध्ये ग्राहकाच्या नावावर जो एपीएन आहे, बहुधा 'इंटरनेट', तोच अक्षरशः फोनमध्ये हवा. फोनमधल्या नोंदीत एपीएनचा प्रकार 'डिफॉल्ट' असलाच पाहिजे. तो रिकामा सोडला की काही फोन नोंद जतनच करत नाहीत आणि तसं सांगतही नाहीत. एपीएन प्रोटोकॉल आणि रोमिंगमधला प्रोटोकॉल अशा दोन वेगळ्या ओळी असतात, दोन्ही आयपीव्ही४ करा. एपीएन चुकला असेल तर एमएमईच्या लॉगमध्ये ईएसएम (सत्राच्या सिग्नलिंगचं) कारण २७, म्हणजे अज्ञात एपीएन, दिसतं.

एपीएन आणि रोमिंग दोन्ही ठीक असूनही ओजीएसटन कोरडं असेल, तर ई-नोडबी आणि कोअर वेगवेगळ्या मशीनवर आहेत का हे स्वतःला विचारा. असतील, तर शंभरात नव्वद वेळा गोची पुढे आहे.

बोगद्याचे दोन पत्ते

ओपन५जीएस सगळे भाग एकाच मशीनवर धरून चालतो, म्हणून मूळ फाइलींत सगळे पत्ते १२७ ने सुरू होतात: एमएमई १२७.०.०.२, एसजीडब्ल्यूयू (ई-नोडबी आणि यूपीएफमधला डेटाचा दुवा) १२७.०.०.६, यूपीएफ १२७.०.०.७. ई-नोडबी दुसऱ्या मशीनवर ठेवला की एमएमईचा एस१एपी (ई-नोडबीशी सिग्नलिंगचा) पत्ता बदलावाच लागतो, कारण त्याशिवाय जोडणीच होत नाही. तो सगळे बदलतात. एसजीडब्ल्यूयूचा जीटीपीयू (डेटाच्या बोगद्याचा) पत्ता मात्र राहून जातो. मग होतं असं की सिग्नलिंग सुरळीत, फोन अटॅच, पत्ता हातात. आणि कोअर ई-नोडबीला सांगतो की डेटा १२७.०.०.६ वर पाठव. ई-नोडबी तो इमानदारीने स्वतःच्याच पोटात पाठवतो.

वायरशार्कमध्ये (पॅकेटं उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एस१एपीचा फिल्टर लावा आणि 'इनिशियल कॉन्टेक्स्ट सेटअप' ची विनंती उघडा. त्यात ट्रान्सपोर्ट लेयर ॲड्रेस नावाची ओळ असते. तिथे १२७ दिसलं की बिघाड सापडला. एसजीडब्ल्यूयूच्या फाइलीत जीटीपीयूखाली कोअरचा लॅनवरचा पत्ता लिहा आणि सेवा पुन्हा चालू करा. यूपीएफ त्याच मशीनवर असेल तर त्याचा पत्ता तसाच राहिला तरी चालतो.

आता याच निरोपाचं उत्तर उघडा. त्यात ई-नोडबीने आपला पत्ता दिलेला असतो. एसआरएसईएनबीच्या फाइलीत जीटीपी बाइंड ॲड्रेस मुळात १२७.०.१.१ असतो. तो तसाच राहिला असेल, तर कोअर फोनची उत्तरं त्या पत्त्यावर, म्हणजे स्वतःकडेच पाठवतो. वर सांगितलेली तिसरी अवस्था ती हीच: ओजीएसटनवर जाणं-येणं दोन्ही दिसतं आणि फोन मुका. जीटीपी बाइंड आणि एस१सी बाइंड हे दोन्ही पत्ते ई-नोडबीच्या लॅन पत्त्यावर न्या.

दोन्ही पत्ते बरोबर असून पॅकेट येत नसेल तर यूडीपी पोर्ट २१५२ मधल्या फायरवॉलमध्ये उघडा आहे का बघा. सिग्नलिंग एससीटीपीच्या ३६४१२ वर जातं, डेटा २१५२ वर. एक उघडा असणं म्हणजे दुसरा उघडा असणं नव्हे. २१५२ वर टीसीपीडम्प लावलात तर एकच पॅकेट दोनदा दिसेल, एकदा ई-नोडबीकडून एसजीडब्ल्यूयूकडे आणि एकदा तिथून यूपीएफकडे. ते योग्यच आहे.

अटॅचच होत नाही

इथे थोडक्यात, कारण लॉग स्वतःच बरंच बोलतो.

ई-नोडबी एमएमईला जोडलाच जात नसेल तर एमसीसी (देशाचा क्रमांक), एमएनसी (नेटवर्कचा क्रमांक) आणि टीएसी (विभागाचा क्रमांक) तपासा. ओपन५जीएसच्या मूळ फाइलीत ९९९-७० आणि टीएसी १ असतो. एसआरएसईएनबीकडे ००१-०१ आणि टीएसी ७, तोही हेक्साडेसिमलमध्ये. दोन्हीकडे सारखं केल्याशिवाय एस१ सेटअप नाकारला जातो. एमएनसी दोन अंकी की तीन अंकी हेही दोन्हीकडे आणि सिमवर सारखं हवं. ०१ आणि ००१ एक नव्हेत.

एचएसएसच्या (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या भागाच्या) लॉगमध्ये 'आयएमएसआय डेटाबेसमध्ये नाही' असं आलं तर नोंद चुकली आहे. फोनने कारण २०, म्हणजे मॅक (खातरजमेचा कोड) चुकला, असं कळवलं तर सिमची गुप्त किल्ली चुकली आहे, आणि बहुतेक वेळा ओपीसीच्या (ओपीपासून त्या सिमसाठी काढलेल्या किल्लीच्या) रकान्यात ओपी किंवा उलट भरलेलं असतं. वेबयूआयमध्ये त्या दोहोंतला पर्याय निवडायचा असतो, तो नजरेतून सुटतो. कारण २१, म्हणजे क्रम जुळत नाही, एकदा येऊन आपोआप मिटलं तर सोडून द्या. पायसिमने कार्ड लिहिताना एडीएम की (कार्डावर लिहिण्याची परवलीची किल्ली) त्याच कार्डाची आहे हे दोनदा ताडून बघा. चुकीची की देण्याच्या मोजक्याच संधी असतात आणि त्या संपल्या की कार्ड कायमचं बंद.

एकदा नाकारलेला फोन पुढे किती काळ रुसतो, हेही माहीत हवं. कारण ३ मिळालं की फोन ते सिम बंद होईपर्यंत अवैध मानतो, म्हणून तुम्ही सर्व्हरवर चूक सुधारली तरी फोन बंद करून चालू केल्याशिवाय तो परत येत नाही. कारण ११ मिळालं तर नेटवर्कचा क्रमांक सिमवरच्या निषिद्ध यादीत लिहिला जातो. फोन बंद करूनही तो पुसला जात नाही. नेटवर्क हाताने निवडा, किंवा पायसिमने ती यादी रिकामी करा.

काही फोन अटॅच होतात आणि थोड्या वेळाने स्वतःहून सोडून जातात. त्यांना कॉल करण्याची सोय हवी असते आणि तुमच्याकडे व्होल्टे नाही. ग्राहकाला 'आयएमएस' नावाचं दुसरं सत्र क्यूसीआय (सेवेच्या दर्जाचा क्रमांक) ५ सह जोडून बघा. बऱ्याच अँड्रॉइडवर तारका-हॅश-तारका-हॅश-४६३६-हॅश-तारका-हॅश-तारका च्या चाचणी मेनूत फक्त एलटीई निवडता येतं, त्याचाही उपयोग होतो. डेटाच्याच चाचण्या करायच्या असतील तर डोंगल या भानगडीत पडत नाही.

जुन्या मशीनवर ओपन५जीएस बसवलाय आणि एचएसएस उठतच नाही? एचएसएसच्या नोंदी मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये असतात, आणि त्याची ५.० पासूनची आवृत्ती प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स (सूचनांचा एक संच) असल्याशिवाय चालत नाही. सेकंडहँड डेस्कटॉप घेण्याआधी एलएससीपीयू आज्ञेच्या यादीत एव्हीएक्स शोधा.

चालतं, पण रडत-खडत

वेग अगदीच कमी आणि स्थिर असेल तर आधी वेबयूआयमध्ये एएमबीआरचं (ग्राहकाच्या वेगमर्यादेचं) एकक बघा. १०० च्या पुढे एमबीपीएसऐवजी केबीपीएस निवडलं गेलं असेल तर नेटवर्क तुमचं म्हणणं तंतोतंत पाळतंय.

वेग वर-खाली होत असेल तर रेडिओ. एसआरएसईएनबी चालू असलेल्या टर्मिनलवर टी दाबून एंटर करा. दर सेकंदाला एक ओळ येते. डावीकडे डाउनलिंक: सीक्यूआय (फोनने कळवलेला सिग्नलचा दर्जा), एमसीएस (मॉड्युलेशन-कोडिंगची पातळी), वेग, किती बरोबर, किती चुकलेले, टक्केवारी. उजवीकडे अपलिंकचा एसएनआर (सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाण), वेग आणि शेवटी बीएसआर. बीएसआर म्हणजे फोनकडे पाठवायला साठलेला माल. तो वाढत चाललाय आणि अपलिंकचा वेग शून्याला टेकलाय, तर फोन ओरडतोय आणि ई-नोडबीला ऐकू येत नाही. चुकलेल्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत असणं नेहमीचं आहे, यंत्रणा तेवढं धरूनच चालते.

एसएनआर कमी दिसला की हात आपोआप गेन वाढवायला जातो. केबलवर काम करताना आधी उलट करा: आरएक्स गेन १० डीबीने कमी करा. एसएनआर सुधारला तर रिसीव्हर गुदमरत होता. सेल दिसतो, टर्मिनलवर रॅकच्या (आरएसीएच, फोनची पहिली हाक) ओळी येत राहतात, पण 'यूझर कनेक्टेड' येत नाही, ही अपलिंक बिघडल्याची खूण. रॅकही येत नसेल तर बी२१० वर आरएक्स२ ला केबल आहे का बघा. एसआरएसईएनबी टीएक्स/आरएक्स पोर्टवरून पाठवतो आणि आरएक्स२ वरून ऐकतो.

फोनला सेल सापडतच नाही, किंवा सापडून निसटतो, तर घड्याळ. बी२१० वरचा ऑसिलेटर २ पीपीएमचा (दहा लाखांत २ इतक्या चुकीचा) आहे. २६८० मेगाहर्ट्झवर ती चूक ५ किलोहर्ट्झच्या पुढे जाते. छोट्या बेस स्टेशनसाठी मानक ०.१ पीपीएम मागतं. बरेच फोन चालवून घेतात, काही घेत नाहीत. जीपीएसवर बांधलेला ऑसिलेटर लावणं हा खरा इलाज. त्याची अँटेना खिडकीत ठेवून भागत नाही, आकाश दिसायला हवं, आणि आपल्या चिकटलेल्या इमारतींत ते गच्चीवरच दिसतं.

टर्मिनलवर मधूनच यू, एल किंवा ओ अशी अक्षरं टपकत असतील तर संगणक नमुने वेळेत पुरवू किंवा उचलू शकत नाही. बोर्ड यूएसबी ३ च्या पोर्टातच आहे ना ते बघा, सीपीयूचा गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा, लॅपटॉप चार्जरवर लावा. तरी थांबत नसेल तर ५० पीआरबीवरून (बँडविड्थच्या तुकड्यांवरून) २५ वर या. वेग अर्धा होईल, पण टिकेल. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत दुपारनंतरच हे सुरू होत असेल तर प्रोसेसर तापून मंदावतोय. पावसाळ्यात एसएमएच्या जोडांवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि न वापरलेल्या पोर्टांना टोप्या घाला.

आणखी एक, फसवं लक्षण: पिंग चालतो, पण सगळीकडे सर्टिफिकेटच्या चुका येतात. अटॅच झाल्यावर एमएमई फोनला वेळ कळवतो. सर्व्हरचं घड्याळ चुकलं असेल आणि फोन नेटवर्कची वेळ घेत असेल, तर फोनही चुकीच्या तारखेत जातो. सर्व्हरवर टाइमडेटसीटीएल चालवून एनटीपी जुळलंय का बघा.

वीज गेली, आली, आणि डेटा गेला

आयपीटेबल्सचे नियम आणि सिससीटीएलचे (कर्नलच्या सेटिंगांचे) बदल हाताने दिले असतील तर रिबूटनंतर उडतात. फॉरवर्डिंगची ओळ सिससीटीएल डॉट डी मधल्या फाइलीत, नियम आयपीटेबल्स-पर्सिस्टंटमध्ये ठेवा. ओजीएसटनलाही १०.४५.०.१ पत्ता आहे आणि तो वर आहे, हे आयपी आज्ञेने बघा. सोर्सपासून बांधलेल्या ओपन५जीएसमध्ये तो दर वेळी नव्याने बनवावा लागतो, म्हणून त्यासाठी सिस्टिमडीची छोटी सेवा लिहून ठेवा.

यूपीएफ किंवा एसएमएफ एकटाच पुन्हा चालू केला तर जुनी सत्रं नाहीशी होतात, पण फोनला ते कळत नाही. तो जुना पत्ता धरून बसतो. अशा वेळी प्रत्येक फोन विमान मोडमधून फिरवून घ्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ५जी एसएवर (४जी कोअरशिवायच्या ५जीवर) गेलात तर यातलं बहुतेक तसंच लागू आहे. फरक एवढा की लॅनचा पत्ता एसजीडब्ल्यूयूऐवजी यूपीएफला आणि एमएमईऐवजी एएमएफला द्यायचा, आणि स्लाइसचे (नेटवर्कच्या कप्प्याचे) एसएसटी व एसडी हे क्रमांक एएमएफ, ग्राहकाची नोंद आणि जी-नोडबी (५जीचं बेस स्टेशन) या तिन्हीकडे सारखे ठेवायचे.